गाडीचं तेलपाणी

(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत सोसायटीच्या हॉलमध्ये दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. शेवटी सभासदांनी विचारलेले काही प्रश्न व त्यांची उत्तरे दिली आहेत.)



या व्याख्यानमालेत पहिल्या महिन्यात मधुमेहावर बोलणं झालं, दुसऱ्या महिन्यात मृत्युपत्रावर. तिसऱ्या महिन्यासाठी सेक्रेटरींनी मला गाठलं आणि विचारलं, "काका, तुम्ही कशावर बोलाल?" मी म्हटलं, "एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली, हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालो. गाडीच्या तेलपाण्याशिवाय मला काही येत नाही." ते म्हणाले, "मग त्यावरच बोला. आपल्या निम्म्या पार्किंगला त्याची गरज आहे." तेव्हा आज मधुमेह नाही आणि मृत्युपत्रही नाही. पण पथ्यपाणी मात्र आहे.

टेबलावर ही जी काचेची बाटली ठेवली आहे, तिच्यात चहा नाही. मघाशी एका छोट्या दोस्ताने विचारलं म्हणून सांगून ठेवतो. ती कशाची, ते ओघात येईलच.

२००० साली आपण इथे राहायला आलो, तेव्हा ४८ फ्लॅटमध्ये मिळून पाच चारचाकी होत्या. बाकी सगळ्या दुचाकी, आणि त्यातही चेतक जास्त. तेव्हा तेलाची निवड सोपी होती. पंपावर गेलं की पेट्रोल घ्यायचं आणि लिटरला २० मिली टू-टी ऑईल त्यात टाकायचं. सुरू होत नसेल तर स्कूटर एका अंगावर आडवी करायची. झालं मेन्टेनन्स! आज आपल्या पार्किंगमध्ये साठाच्या वर गाड्या आहेत. पेट्रोल आहे, डिझेल आहे, सीएनजी आहे, दोन इलेक्ट्रिकही आल्या आहेत. प्रत्येकीचं पथ्य वेगळं. आणि आपण मात्र अजून "कुठलंही चांगलं ऑईल टाका" असंच सांगतो.

"चांगलं ऑईल" असं काही नसतं. "या गाडीला योग्य ऑईल" असतं. माझं आजचं सगळं बोलणं दोन शब्दांत सांगायचं तर पुस्तक आणि कॅलेंडर. कोणतं तेल टाकायचं ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात बघायचं, आणि कधी बदलायचं ते किलोमीटरबरोबर कॅलेंडरवरही बघायचं. आता हे पुस्तक कुठे असतं? समोरच्या खणात, आरसी, पीयूसी आणि बडीशेपेच्या पुड्यांच्या खाली, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेलं. आज घरी जाताना ते काढा.

पहिलं, इंजिन ऑईल. डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. ही भानगड काय आहे? आपलं खोबरेल तेल आठवा. डिसेंबरात पहाटे बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, आणि मे महिन्यात तेच तेल पाण्यासारखं वाहतं. इंजिन ऑईल गोठत नाही, पण थंडीत दाट आणि तापल्यावर पातळ, हा स्वभाव त्याचाही आहे. डब्ल्यू म्हणजे विंटर. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते थंड इंजिनात लवकर धावतं. नंतरचा आकडा सांगतो, इंजिन तापल्यावर, म्हणजे १०० अंश सेल्सियसला, त्याचा दाटपणा किती उरतो.

सकाळी आपण चावी फिरवतो तेव्हा रात्रभरात बरंचसं ऑईल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. ते पंपाने वरपर्यंत पोचेस्तोवरचे काही क्षण इंजिनच्या झिजेला सगळ्यात वाईट. म्हणून पहिला आकडा महत्त्वाचा. आणि म्हणूनच चावी फिरवल्या फिरवल्या ॲक्सिलरेटर पिळू नका. बी विंगच्या खाली सकाळी साडेसहाला कोण पिळतं ते मला आवाजावरून कळतं.

आपल्याकडे एक समज पक्का आहे की ऑईल जितकं जाड तितकी इंजिनला ताकद. जुन्या गाड्यांना २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० चालायचं, कारण त्यांच्या फटी तशा होत्या. नव्या इंजिनांत फटी बारीक आणि ऑईलच्या वाटा अरुंद. काहींना तर ०डब्ल्यू-२० इतकं पातळ ऑईल लागतं. तिथे जाड ऑईल टाकणं म्हणजे लहान बाळाला पुरणपोळी भरवणं. पदार्थ चांगला, पण त्याच्यासाठी नाही. ॲव्हरेज पडतं, आणि थंड इंजिनात वरच्या भागांना ऑईल उशिरा मिळतं.

दुसरी खूण एपीआयची. पेट्रोलच्या ऑईलला एस या अक्षराने सुरुवात, डिझेलच्या ऑईलला सी. पुढचं अक्षर जितकं नंतरचं, तितका दर्जा नवा. पेट्रोलमध्ये एसएन जुना झाला, २०२० पासून एसपी आला. पुस्तकात एसएन लिहिलं असेल तर एसपी चालतं, उलटं चालत नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या मालकांनी जास्त काळजी घ्यायला हवी. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. तिथे कमी राखेचंच ऑईल लागतं. साधं टाकलं तर त्याची राख जाळीत साठते. काजळी जाळून टाकता येते, राख जळत नाही. ती जाळी बदलायचा खर्च ऐकला की माणूस बस पकडतो.

सिंथेटिकचं काय? पुस्तकात सिंथेटिक लिहिलं असेल तर सिंथेटिकच टाका, तिथे काटकसर नको. लिहिलेलं नसेल तर केवळ महाग म्हणून घ्यायची गरज नाही.

आता दुचाकीवाल्यांनी ऐका. सी विंगमधल्या एका मुलाने, नाव सांगत नाही, समोरच बसलाय, वडिलांच्या कारमधलं उरलेलं अर्धा लिटर ऑईल स्वतःच्या मोटारसायकलमध्ये घातलं. ऑईल उत्तम होतं, नव्या कोऱ्या डब्यातलं. आठ दिवसांत गाडी पुलाच्या चढावर नुसती ओरडायला लागली, पुढे सरकेना. झालं काय, तर बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑईलमध्ये बुडालेले असतात. कारच्या ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात. कारचा क्लच कोरडा, वेगळ्या जागी, त्यामुळे तिला ती मानवतात. मोटारसायकलच्या क्लचप्लेटींना मात्र पकड लागते, तिथे या द्रव्यांनी त्या घसरतात. म्हणून मोटारसायकलच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ ही खूण बघायची. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिला जासो एमबी. स्कूटरच्या मागच्या चाकापाशी गिअर ऑईलही वेगळं असतं. जेमतेम शंभर-सव्वाशे मिली, पण वर्षानुवर्षं कोणी विचारत नाही त्याला.

गिअर ऑईलबद्दल एवढंच सांगतो, डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ असे दर्जे असतात. पाच हा चारपेक्षा मोठा म्हणून चांगला असं नाही. जीएल-५ मधली काही द्रव्यं गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना मानवत नाहीत. पुस्तकात चार असेल तर चारच.

आता कूलंट. आपल्या बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉईलवर पांढरा थर बसतो, तो सगळ्यांनी बघितलाय. तेच पाणी रेडिएटरमध्ये भरलं तर आतल्या बारीक नळ्यांचं तेच होणार. शिवाय आतून गंज. कूलंट म्हणजे इथिलिन ग्लायकॉल, त्यात गंज रोखणारी औषधं आणि पाणी. बहुतेक गाड्यांना ते डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मं-निम्मं लागतं. बाजारात तयार मिसळलेलंही मिळतं. डबा कोणता आहे ते वाचा, तयार मिश्रणात परत पाणी घालू नका. आणि रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हे रंग कंपनी आपल्या मर्जीने देते. एकाच रंगाची दोन कूलंटं आतून वेगळी असू शकतात. एकमेकांत मिसळली तर आतली औषधं एकमेकांना मारतात, कधी गाळ धरतो.

गाडी तापली असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतला प्रकार कुकरसारखा आहे. दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण काढलं की सगळं एकदम उसळतं. शिट्टी न जिरलेला कुकर तुम्ही उघडता का? मग हेही नाही. वर्कशॉपमध्ये या एका चुकीने भाजलेले हात मी डोळ्यांनी बघितले आहेत.

कूलंटची आणखी एक गोष्ट आपल्या सोसायटीसाठी महत्त्वाची. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. मूत्रपिंडं निकामी होतात. पार्किंगमध्ये सांडलेलं कूलंट कुत्रं, मांजर चाटतं, आणि आपली लहान मुलं तिथेच खेळतात. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कूलंट कधीही भरून ठेवू नका. बॅटरीच्या पाण्यालाही हाच नियम, आणि बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला. घरच्या फिल्टरचं नको.

आता ही बाटली.

सात वर्षांपूर्वीचा मे महिना. महाबळेश्वरला दोन दिवस राहून आम्ही खेडजवळच्या आमच्या गावी निघालो होतो. वाट आंबेनळी घाटाची. सुमारे १३५० मीटर उंचीवरून पार पोलादपूरपर्यंत उतरायचं. गाडीत मी, आमची ही, मुलगा, सूनबाई आणि अडीच वर्षांचा नातू. डिकी सामानाने गच्च. गाडी मी चालवत होतो. प्रतापगडाचा फाटा मागे पडला. नातू नुकताच झोपला होता. खालच्या गिअरमध्ये इंजिन गुरगुरतं, तो उठेल म्हणून मी चौथा गिअर ठेवला आणि पाय ब्रेकवर. ज्या माणसाने ३१ वर्षं ड्रायव्हर लोकांना सांगितलं की ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, त्याच माणसाने.

एका वळणाच्या आधी ब्रेक दाबला आणि पाय खाली गेला. नुसता गेला. उशीवर पाय ठेवल्यासारखा. परत दाबला, परत तेच. समोर वळण आणि वळणापलीकडे काही नाही. तिसरा टाकला, दुसरा टाकला, इंजिन किंचाळलं. हँडब्रेक थोडा थोडा ओढत गेलो. हँडब्रेक तारेवर चालतो, ऑईलवर नाही, म्हणून तो शाबूत होता. शेवटी डोंगराकडच्या चारीत एका बाजूची चाकं घातली आणि गाडी खडकाला टेकून थांबली. कुणाला खरचटलंही नाही. नातू उठला आणि रडायला लागला. ही काही बोलली नाही. खाली उतरली, रस्ता ओलांडून कठड्यापाशी गेली, खाली बघितलं, आणि परत येऊन एका दगडावर बसली.

चाकांना जळका वास येत होता. पाऊण तासाने मी परत ब्रेक दाबून बघितला, तर एकदम घट्ट! जसं काही झालंच नव्हतं. मुलगा म्हणाला, "बाबा, ब्रेक तर लागतोय. मग मघाशी काय झालं?"

काय झालं ते दाखवतो. आपल्या ए विंगमधल्या डॉक्टरांकडून या दोन सिरिंजा मागून आणल्या आहेत, सुया नाहीत, घाबरू नका. या एकीत पाणी भरलंय. तोंडावर बोट ठेवतो आणि दट्ट्या दाबतो. हलतोय का? नाही. पाणी दबत नाही. दाबलं तेवढं सगळं बोटावर येतं. ब्रेक ऑईलचं काम हेच, आपल्या पायाचा जोर चाकापर्यंत नेणं. आता या दुसरीत नुसती हवा आहे. दाबतो. बघा, दट्ट्या गेला निम्म्यापर्यंत, आणि बोटाला काही नाही. ब्रेकच्या नळीत वाफ झाली की असं होतं. पाय खाली जातो आणि चाकाला पत्ता लागत नाही. गार झालं की वाफेचं परत पाणी होतं आणि ब्रेक आधीसारखा.

ही वाफ कशाची? ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढतं. पावसाळ्यात मीठ जसं पाझरतं, त्याच कुळातलं. आपण झाकण उघडलं नाही तरी रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी आत जातच असतं. आता आकडे लक्षात ठेवा. डॉट-३ ऑईल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की हीच मर्यादा १४० वर येते. डॉट-४ नवं असताना २३०, पाणी शिरल्यावर १५५. डॉट-५.१ नवं असताना २६०, पाणी शिरल्यावर १८०. शंभर भागांत चार भागही पाणी नाही, तरी ६५ ते ८० अंश गेले. सपाटीवर, शहरात, ब्रेक तेवढा तापतच नाही. म्हणून कळत नाही. कळतं ते घाटात, गाडी भरलेली असताना, सगळं घर बरोबर असताना.

मी ब्रेक ऑईल कधी बदललं होतं? गाडी घेऊन सहा वर्षं झाली होती, एकदाही नाही. गाडी चालली होती फक्त १९,००० किलोमीटर. सर्व्हिसिंगच्या कागदावर दोनदा "ब्रेक ऑईल बदलणे" असं लिहून आलं होतं. दोन्ही वेळा मी म्हटलं, "लेव्हल बरोबर आहे ना? मग राहू दे." मला कोणी फसवलं नाही. सांगणाऱ्याला मीच गप्प केलं.

याहून लाज वाटावी अशी गोष्ट पुढे आहे. एस.टी.ला हवेचे ब्रेक. दाबाच्या हवेत ओलावा असतो, तो टाकीत पाणी होऊन साठतो, आणि ते पाणी रोज काढून टाकायचं असतं. नोकरीभर मी ते कधी कोणाला चुकू दिलं नाही. ब्रेकमध्ये पाणी वाईट, हे वाक्य मी शेकडो पोरांना शिकवलं. आणि घरच्या गाडीत सहा वर्षांचं पाणी घेऊन मी नातवाला घाटात नेलं.

त्या दिवशी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, थांबत थांबत पोलादपूर गाठलं आणि तिथे ऑईल बदलून घेतलं. हे निघालेलं ऑईल. नवं असताना हे जवळजवळ पाण्यासारखं, फिकट पिवळसर असतं. हे बघा, कडक चहा. त्या मेकॅनिककडून मी ही बाटली मागून घेतली आणि घरी खणात ठेवली. आज पहिल्यांदा बाहेर काढली.

तेव्हा ब्रेक ऑईल कॅलेंडरवर बदला. बहुतेक कंपन्या दोन वर्षं सांगतात, तुमच्या पुस्तकात काय आहे ते बघा. आपल्याकडे निवृत्त मंडळी जास्त, गाडी महिन्यातून चारदा निघते. काहींच्या गाड्या मुलं परदेशातून येईपर्यंत कव्हरखाली असतात. "चाललीच नाही, मग बदलायचं कशाला?" असं म्हणू नका. उभी गाडीही पाणी पितेच. इलेक्ट्रिकवाल्यांनाही यातून सुटका नाही. इंजिन ऑईल नसलं तरी ब्रेक ऑईल आहेच, आणि अनेक गाड्यांत बॅटरीसाठी कूलंटही. दुचाकीला डिस्क ब्रेक असेल तर हँडलवरची छोटी डबी तीच.

निवडताना डबीच्या झाकणावर डॉट-३ की डॉट-४ ते लिहिलेलं असतं, तेच टाका. डॉट-५ हे नाव ऐकून वरचढ समजू नका. ते सिलिकॉनचं, वेगळ्या जातीचं, बाकीच्यांत मिसळत नाही. इंजिन ऑईल किंवा स्टिअरिंगचं ऑईल ब्रेकच्या डबीत चुकूनही घालू नका, आतली रबरं फुगतात आणि ब्रेक जातो. महिनोन् महिने उघडी राहिलेली बाटली वापरू नका. आणि बॉनेटवर सांडू देऊ नका, रंग सोलून काढतं.

आता घरच्या घरी करता येईल असं एक काम. आज रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा ठेवा. सकाळी बघा. स्वच्छ पाण्याचे थेंब असतील आणि आदल्या दिवशी एसी लावला असेल तर काळजी नाही. तपकिरी-काळा डाग इंजिन ऑईलचा. हिरवट, गुलाबी, निळा आणि चिकट असेल तर कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला बुळबुळीत ओल असेल तर ब्रेक ऑईल समजा, आणि गाडी हलवू नका, मेकॅनिकला खाली बोलवा. आपले वॉचमन रोज पार्किंग झाडतात. कुठल्या गाडीखाली डाग पडतो ते त्यांना तुमच्याआधी माहीत असतं. त्यांनी सांगितलं तर ऐका.

इंजिन ऑईल बघताना गाडी सपाटीवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. पट्टी काढा, पुसा, परत घाला, मग वाचा. दोन खुणांच्या मध्ये असलं की झालं. वरच्या खुणेच्या वर भरू नका, जास्त ऑईल घुसळलं जाऊन फेस धरतं. आणि पट्टीवर ताकासारखं पांढरट काही दिसलं तर ऑईलमध्ये पाणी शिरतंय. गाडी दाखवा.

खरेदी पक्क्या बिलाची, ओळखीच्या दुकानातून. सील बघा, तारीख बघा. डबा रिकामा झाला की त्याला भोक पाडा किंवा कापून टाका, म्हणजे त्यात कोणी बनावट माल भरून विकणार नाही. आणि निघालेलं ऑईल गटारात ओतू नका. कायद्यानेही ते घातक कचऱ्यात मोडतं. गॅरेजवाल्याला परत द्या, ते ऑईल नेणारे अधिकृत लोक असतात. आपल्या मागच्या नाल्याचं पाणी कुठे जातं ते आपण सगळे जाणतो.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: माझ्या डिझेल गाडीचं ऑईल बदललं की आठ दिवसांत काळं होतं. फसवतात का?

नाही. डिझेलची काजळी स्वतःत धरून ठेवणं हे त्या ऑईलचं कामच आहे. काळं झालं म्हणजे ते काम करतंय. रंगावरून बदलू नका, मुदतीवरून बदला.

प्रश्न: वर्षात ३,००० किलोमीटरसुद्धा गाडी चालत नाही. इंजिन ऑईल बदलायचं?

हो. पुस्तकात "इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी येईल ते" असं असतं. आपण पहिला भाग वाचतो, दुसरा सोडतो. मंडई आणि देऊळ एवढ्याच फेऱ्या होत असतील तर इंजिन पुरतं तापतच नाही, आत ओलावा राहतो. अशा गाडीला तर मुदत जास्त पाळायला हवी.

प्रश्न: डिझेलच्या झाकणाशेजारी निळं झाकण आहे, त्यात काय घालायचं?

त्यात डीईएफ, म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं शुद्ध द्रावण. धुरातला घातक वायू कमी करायला ते लागतं. घरी खताचा युरिया विरघळवून घालायचे प्रयोग करू नका. आणि ते चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर चावीला हातही लावू नका. गाडी ओढून न्या, टाकी साफ करा. डिझेल गाडीत पेट्रोल भरलं गेलं तरी हेच.

प्रश्न: ब्रेक ऑईल खराब झालंय हे आपल्याला तपासता येतं का?

पेनसारखं टेस्टर मिळतं, त्यातलं पाणी किती याचा अंदाज देतं. माझ्याकडे एक आहे. पुढच्या रविवारपासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ ते दहा मी बी विंगखालच्या पार्किंगमध्ये बसेन. पुस्तक घेऊन या, ते नसेल तर बघून देणार नाही. फी एक कप चहा. पण टेस्टरने हिरवा दिवा दाखवला तरी दोन वर्षं झाली असतील तर बदलाच.

प्रश्न (सी विंगमधल्या एका वहिनींचा): काका, त्या दिवसानंतर काकू तुमच्या गाडीत बसतात का?

बसते. ती मागच्या रांगेत बसलीय, तिच्यासमोर खोटं बोलता येणार नाही. घाटात त्या दिवशी ती मला एक शब्द बोलली नाही, आजतागायत नाही. फक्त एक झालं. गावी जायचं ठरलं की प्रवासाची यादी ती करते. पोळ्या, चटणी, नातवाचं औषध, पाण्याच्या बाटल्या. त्या यादीत सगळ्यात वर, पहिल्या ओळीत, तिच्या अक्षरात लिहिलेलं असतं, "ब्रेक ऑईल, तारीख?" त्याच्यापुढे मी तारीख लिहून दिल्याशिवाय पोळ्यांची कणीक भिजत नाही.

तुमच्या घरच्या यादीतही ती ओळ घाला. पंचवीस वर्षं आपण एका गेटमधून बाहेर पडतोय आणि संध्याकाळी त्याच गेटमधून आत येतोय. पुढची पंचवीसही सगळे तसेच परत येऊ या.